उजवं मनगट दुखतंय म्हणून माउस डाव्या हातात घ्यावा का?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघता. दिवसभर टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम, मधूनमधून एक्सेल, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), मेल. गेल्या काही महिन्यांपासून उजव्या मनगटाची वरची बाजू आणि कोपराचा बाहेरचा भाग ठणकतो. भाच्यानं सांगितलं, माउस डावीकडे घ्या. तुम्ही घेतलात, दोन दिवसांत वैतागलात आणि परत उजवीकडे आणलात. आता विचारताय की पन्नाशीच्या आसपास डाव्या हाताला हे जमेल का, किती दिवस लागतील, कर्सर तिरका का पळतो, बटणं उलटी करायची का, आणि पुढं डावाही दुखायला लागला तर काय.

जमेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दिवसभर संगणकावर बसणारी माणसं माझ्याकडे रोज येतात. त्यांच्यापैकी ज्यांनी घाई केली नाही, त्यांच्या डाव्या हाताला कामापुरता माउस आलाच. वयाची काळजी सोडा. उलट तुमच्यासारख्या आकड्यांवर काम करणाऱ्या माणसाला डावीकडच्या माउसचा जितका फायदा होतो तितका क्वचितच कुणाला होत असेल. पण सगळंच्या सगळं काम डाव्या हातावर टाकायचं नाही. भार वाटून घ्यायचा आहे. उजव्याचं दुखणं उचलून डाव्याला देण्यात काय अर्थ आहे?

आधी तुमचा उजवा हात दुखतोय कशानं ते बघू. आपला नेहमीचा मोठा कीबोर्ड समोर ठेवला की अक्षरांचा भाग पोटासमोर येतो. त्याच्या उजव्या बाजूला बाणांची बटणं, त्यापलीकडे नंबरपॅड, आणि माउस त्याच्याही पलीकडे. तिथं पोचायला कोपर अंगापासून सुटतं, दंड बाहेर वळतो आणि मनगट वरच्या बाजूला वाकलेलं राहतं. मनगट वर उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडापासून निघतात. दिवसभर ते ताणलेले राहिले की ठणका तिथंच लागतो, जिथं तुम्ही सांगताय. त्यात तुमचा उजवा हात नंबरपॅडवर आकडे मारतो, मग उडी मारून माउसवर जातो, परत नंबरपॅडवर येतो. दिवसभरात ही ये-जा किती वेळा होते ते एकदा शांतपणे बघा.

कीबोर्डच्या डावीकडे नंबरपॅड नसतो. माउस कॅप्स लॉकच्या बटणालगत बसतो आणि डावं कोपर बरगडीजवळच राहतं. उजवा हात आकड्यांवर कायम, डावा माउसवर कायम, ये-जा बंद. इतकी साधी गोष्ट आहे, पण दुकानात बसणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन हातांत काम वाटून देण्याची कल्पना माउसइतकीच जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या चमूनं १९६४ मध्ये अमेरिकेत पहिला माउस बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला. त्या वेळी एंगलबार्ट यांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. पुढं माउस जगभर गेला, तो डाव्या हाताचा कीबोर्ड मागं पडला. मग १९९३ मध्ये कॅनडातल्या कब्बाश, मॅकेन्झी आणि बक्स्टन या संशोधकांनी एकाच माणसाच्या दोन्ही हातांची तुलना केली. लक्ष्य लहान आणि अंतर कमी असेल तेव्हा सवयीचा हात सरस ठरला. लक्ष्य मोठं आणि अंतर लांब असेल तेव्हा दोन्ही हात जवळपास सारखेच निघाले. स्क्रोल करण्यासारखी कामं बिनसवयीच्या हाताकडे द्यायला काहीच हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लोकांना शिकवताना हाच क्रम धरते. मोठी, ढोबळ कामं आधी डाव्याकडे, बारीक कामं शेवटी किंवा कधीच नाही.

आता तुमचे ते दोन दिवस का फसले? मला वाटतं, त्यात हाताचा दोष फार थोडा होता.

टेबलापासून सुरू करा. अडत दुकानात टेबलाची डावी बाजू म्हणजे पावतीपुस्तकं, प्रिंटर, चहाचा कप आणि फोन. माउसला उरते वीतभर जागा. शिवाय टेबलावर काच आणि काचेखाली कॅलेंडर. साधा ऑप्टिकल माउस स्वच्छ काचेवर नीट चालत नाही, कर्सर अडखळतो, उड्या मारतो, आणि माणसाला वाटतं आपलाच डावा हात थरथरतोय. तिथं जाड कापडी पॅड हवाच. तारेचंही बघा. सीपीयू उजवीकडे असला की तार डावीकडे जेमतेम पोचते आणि माउसला मागं ओढत राहते. यूएसबीची जोडतार घ्या किंवा बिनतारी माउस घ्या.

मग खुद्द माउस. तुमचा माउस उजव्या पंजासाठी घडवलेला असेल, म्हणजे एका बाजूला उंच आणि अंगठ्याला खोबण असलेला, तर तो डाव्या हातात नीट बसणारच नाही. अंगठ्याची जास्तीची बटणं करंगळी-अनामिकेखाली येतात आणि नकळत दाबली जातात. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माउस घ्या. तो स्वस्तही मिळतो. उभा, म्हणजे हस्तांदोलनासारखा धरायचा माउस घ्यायचा झाला तर डाव्या हाताचा वेगळा मागवावा लागतो. उजव्याचा डाव्यात चालत नाही.

कर्सर तिरका का पळतो, हे तुम्ही खास विचारलंय. डावा हात बाहेरून आत येतो, त्यामुळे माउसचं तोंड नकळत उजवीकडे वळतं. आता तुम्ही हात सरळ स्क्रीनकडे ढकललात तरी माउसच्या दृष्टीनं ती हालचाल डावीकडे झुकलेली असते, म्हणून कर्सर वर जाता जाता डावीकडे सरकतो. उजव्या हाताचा असा तिरपेपणा तुमच्या मेंदूनं फार पूर्वीच जमेस धरलाय, डाव्याचा अजून धरलेला नाही. दर पाच-दहा मिनिटांनी खाली बघा, माउसची दोन्ही बटणं स्क्रीनकडे सरळ आहेत का. नसतील तर मनगट वाकवण्याऐवजी कोपर थोडं अंगाकडे घेऊन माउस सरळ करा.

शेवटची गोष्ट पकड, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. नवशिक्या डाव्या हाताकडे जवळून बघितलं तर अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं असतं, करंगळी हवेत ताठ असते, खांदा कानाकडे चढलेला असतो आणि क्लिक करताना माणसानं श्वास धरून ठेवलेला असतो. अशा हातानं अर्धा तास काम केलं तरी तो दुखणारच. लहान बाळाच्या डोक्यावर ठेवतो तसा हात माउसवर नुसता टेकवा. पंजाचं वजन माउसनं घ्यायचं, कोपराखालच्या हाताचं टेबलानं. टेबलाची कड बोचत असेल तर पंचा घडी करून तिथं ठेवा. लांबची हालचाल कोपरापासून करा, बोटांनी फक्त शेवटचं थोडं अंतर. आणि घड्याळ! आपण घड्याळ डाव्या मनगटात घालतो. पोलादी पट्टा टेबलावर घासतो आणि मनगट वाकडं धरायला लावतो. माउस चालवताना घड्याळ काढून ठेवा किंवा उजव्या हातात घाला. भगिनींनी बांगड्या थोड्या वर सारून बघाव्यात.

बटणं उलटी करायची का, यावर दोन मतं आहेत. उलटी केली तर नेहमीचा क्लिक डाव्या तर्जनीकडे येतो, म्हणजे उजव्या हाताचं हुबेहूब आरशातलं रूप. शिकायला हे थोडं सोपं जातं. नाही उलटी केली तर क्लिक मधल्या बोटाकडे जातो. मी तुम्हाला न उलटण्याचा सल्ला देईन. दुकानातला संगणक मालक वापरतात, त्यांचा मुलगा वापरतो, टॅलीवाला येऊन बसतो. प्रत्येक वेळी उलट-सुलट करत बसाल आणि ‘राइट क्लिक करा’ म्हटलं की सगळ्यांचाच गोंधळ होईल. मधल्या बोटाला क्लिक करायची सवय थोड्याच दिवसांत होते. ज्याचा संगणक घरचा आहे, दुसरं कुणी हात लावत नाही, त्यानं खुशाल उलटावीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ मध्ये ‘माउस’ उघडलं की मुख्य बटण कोणतं हे पहिल्याच ओळीत बदलता येतं.

न उलटण्याचं आणखी एक कारण आहे. मी तुम्हाला एक सोडून दोन माउस लावायला सांगणार आहे. संगणकाला एकाच वेळी दोन माउस चालतात, कर्सर एकच राहतो, जो हलवाल त्याचं तो ऐकतो. डावीकडे नवा, उजवीकडे जुना. पण बटणांची अदलाबदल विंडोज दोन्ही माउसना एकदमच लावतं, मग उजवीकडचाही उलटा होऊन बसतो. दोन माउसचा फायदा असा की वैताग आला, मालक घाई करायला लागले, तर उजवीकडे जायला काही उचकटावं लागत नाही. पाच मिनिटांनी परत डावीकडे यायचं. माउस एकच असेल तर माणूस एकदा उजवीकडे गेला की तिथंच राहतो.

सेटिंग्जमध्ये आणखी दोन-तीन गोष्टी करा. कर्सरचा वेग एक-दोन घरं कमी करा, फार नको, नाहीतर माउस उचलून उचलून ठेवावा लागेल. ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ समोरची खूण सुरुवातीला काढा. ती असली की हात जितका झटक्यानं हलेल तितका कर्सर जास्त लांब जातो, आणि नवा हात झटकेच देतो. म्हणूनच तुमचा कर्सर बटणाच्या पुढं निघून जात होता. डबल क्लिकचा वेग कमी करा. कर्सरचा आकारही थोडा मोठा करून घ्या, डोळ्यांना शोधायला सोपा जातो.

सुरुवात कधी करायची? मार्चअखेरीला नाही, गुळाचे सौदे जोरात असताना नाही, आणि ११ तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-१ किंवा २० तारखेला ३बी हे विवरणपत्र भरायचं असतं त्या आठवड्यांत तर मुळीच नाही. घाईत शिकलेला हात आवळूनच धरायला शिकतो. २० तारीख उलटल्यावर एखादा निवांत दिवस बघा.

पहिले काही दिवस डाव्या हातानं फक्त वाचायचं काम करा. बातम्या वाचा, मेल उघडा, बँकेचं स्टेटमेंट वरखाली करा. चाक फिरवणं आणि मोठ्या बटणांवर क्लिक, बास. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दहा-पंधरा मिनिटं. खांदा वर चढला की थांबायचं. हे सहज व्हायला लागलं की मेनू उघडणं आणि एक्सेलमध्ये घर निवडणं डाव्याकडे द्या. ड्रॅग, मजकूर निवडणं आणि डबल क्लिक सगळ्यात शेवटी, कारण त्यात एक बोट दाबून धरायचं आणि बाकीचा हात हलवायचा असतो. नव्या हाताला याचाच त्रास सर्वांत जास्त होतो.

या अवघड गोष्टींना पळवाटाही आहेत आणि त्या वापरण्यात कमीपणा नाही. डबल क्लिकऐवजी एकदा क्लिक करून एंटर दाबा. मजकूर निवडायला सुरुवातीला क्लिक करा, शिफ्ट दाबून धरा आणि शेवटी क्लिक करा, मधलं ओढणं वाचतं. विंडोजच्या जुन्या माउस खिडकीत ‘क्लिक-लॉक’ नावाची सोय आहे. ती चालू केली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, धरलेली वस्तू आपोआप धरलेली राहते आणि पुन्हा क्लिक केल्यावर सुटते. सरावासाठी सॉलिटेअर चांगलं. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत ते आलं तेव्हाही अनेकांचा हात पत्ते ओढता ओढताच बसला. जेवणाच्या सुट्टीत एक डाव डाव्या हातानं खेळा, मालकांना सांगून.

माउस डावीकडे गेला की एक नवीन अडचण येते. कॉपी, पेस्ट, कट यांची बटणं कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात असतात आणि तो हात तर आता माउसवर आहे. त्यासाठी उजवीकडचे जुने शॉर्टकट शिका: कॉपीला कंट्रोल आणि इन्सर्ट, पेस्टला शिफ्ट आणि इन्सर्ट, कटला शिफ्ट आणि डिलीट. मोठ्या कीबोर्डवर उजवीकडेही कंट्रोल आणि शिफ्ट असतात, तेव्हा हे एका हातानं होतं. एक्सेलमध्ये उजवा कंट्रोल आणि बाण दाबला की यादीच्या शेवटच्या घरावर जाता. हे एक शिकलात तरी माउसच्या कितीतरी चकरा वाचतील.

आणि टॅलीमध्ये तुम्हाला माउस लागतोच कशाला? तो प्रोग्रॅम कीबोर्डवर चालावा असाच बनवलाय. पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, जर्नलला एफ ७, सेल्सला एफ ८, पर्चेसला एफ ९. व्हाउचर स्वीकारायला कंट्रोल ए, मागं यायला एस्केप, आणि टॅली प्राइममध्ये काहीही शोधायला ऑल्ट जी. जुने टॅलीवाले माउसला हात न लावता दिवस काढायचे. हल्ली खिडकीवर बटणं दिसतात म्हणून लोक क्लिक करत बसतात. दुखऱ्या हाताला सगळ्यात मोठा आराम माउसची बाजू बदलण्यानं मिळत नाही, माउस कमी वापरण्यानं मिळतो. तुमच्या बाबतीत तर हे फारच सोपं आहे.

हे उत्तर दुसरेही वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगची डिझाईन करणाऱ्यांनी सगळं डावीकडे नेऊ नये. चाक दाबून धरून मॉडेल फिरवणं डाव्या हातात फार त्रासाचं होतं. कोरल या डिझाईनच्या प्रोग्रॅममध्ये आमंत्रणपत्रिका करणाऱ्यांनीही बारीक नोड (रेषेवरचे बिंदू) उजव्या हातानंच ओढावेत, बाकीची कामं डाव्यानं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत मराठी टाइप करणाऱ्यांच्या उजव्या हाताला व्यंजनांचा भार आधीच असतो, स्वर आणि मात्रा डावीकडे असतात. त्यांनी निदान स्क्रोल तरी डावीकडे द्यावा.

किती दिवस, हे विचारलंत. साधं क्लिक आणि स्क्रोल दोन-तीन आठवड्यांत विचार न करता व्हायला लागतं, असा माझा अनुभव. ड्रॅगला त्याहून जास्त वेळ लागतो. डावा हात उजव्याइतका चपळ बहुतेक होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. डावखुरी माणसं आठवून बघा. शाळेच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत माउस उजवीकडेच बांधलेला असायचा, म्हणून त्यांतली कितीतरी जण आयुष्यभर उजव्या हातानं माउस चालवतात आणि लिहितात डाव्या हातानं. त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

डावा हात दुखेल का? सगळं त्याच्यावर टाकलंत तर दुखेल. त्याला आधीच कामं आहेत. फोन तुम्ही कुठल्या हातात धरता? बहुतेकांचा डाव्या हातात असतो, रात्री अंथरुणात अंगठ्यानं वर सरकवत. आणि मार्केट यार्डातून दाभोळकर कॉर्नरपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत मोटारसायकलचा क्लच डावाच हात दाबतो. म्हणून सकाळी डावा माउस आणि दुपारी उजवा, किंवा वाचताना डावा आणि एंट्री करताना कीबोर्ड, अशी वाटणी ठेवा. अर्ध्या तासानं एकदा दोन्ही हात खाली सोडा, खांदे मागं फिरवा, उठून पाणी प्या. उजवीकडचा माउसही जवळ आणा. उजवीकडे काम करताना कीबोर्ड थोडा डावीकडे सारला तरी कोपर अंगाजवळ येतं.

डावा हात वापरल्यानं बुद्धी तल्लख होते असं फोनवर फिरत असतं, ते सोडून द्या. माउसच्या सरावानं माउसच येतो.

आता जरा गंभीर. तुमचं वर्णन स्नायूंच्या ताणाचं वाटतं, पण हात न बघता मी नक्की सांगू शकत नाही. रात्री झोपेतून जाग येऊन अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. तो आजार माउसमुळेच होतो असं म्हणता येत नाही. मधुमेह आणि थायरॉईड असणाऱ्यांत तो जास्त दिसतो, म्हणून साखर तपासलेली नसेल तर तपासून घ्या. हातातून पेला सुटणं, शर्टाचं बटण लावता न येणं, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसणं, किंवा मानेपासून हातात कळ उतरणं, यातलं काहीही असेल तर सराव थांबवा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. यातलं काही नसेल तर आजच टेबलाची डावी बाजू मोकळी करा, पॅड आणा आणि माउस कॅप्स लॉकच्या शेजारी ठेवा. तीन आठवड्यांनी उजव्या कोपराचा ठणका कमी झालाय की तसाच आहे, ते मला कळवा. तसाच असेल तर येताना तुमच्या टेबलाचा, तुम्ही बसलेले असताना बाजूनं काढलेला फोटो घेऊन या.